नको म्हणणाऱ्यांचं रजिस्टर

परबबाई नोकरीच्या पहिल्या दिवशी स्वतःचा तारखेचा शिक्का घेऊन आल्या होत्या. लाकडी मुठीचा, रबराच्या पट्ट्या बोटाने फिरवून दिवस, महिना आणि वर्ष जुळवायचा. सोबत शाईचं पॅड, लाल-निळी पेन्सिल आणि स्टीलची पट्टी. पर्समधून एकेक वस्तू काढून त्यांनी टेबलावर मांडली, शिक्क्यावर त्या दिवसाची तारीख आणली, एका रद्दी कागदावर उमटवून पाहिली आणि मगच खुर्चीत बसल्या.

"हं," मला म्हणाल्या, "आजची आवक काय आहे?"

आमच्या ऑफिसात आवक म्हणण्यासारखा कागदच नव्हता. तीन कॉम्प्युटर, एक फोनची लाइन, तिला जोडलेला किरकिरणारा मोडेम आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या पुढे एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. खाली बटणांचा कारखाना, त्यामुळे दिवसभर पायाखाली धडधड चालायची. आमचा धंदा मात्र अगदी मुकाट होता. जिथून मिळतील तिथून लोकांचे ईमेलचे पत्ते गोळा करायचे आणि कुणाचीही जाहिरात त्या सगळ्यांना एका दमात पाठवायची. आज जग ज्याला स्पॅम म्हणून शिव्या घालतं, ते आम्ही तिथे बसून बनवत होतो. तेव्हा आम्ही त्याला 'प्रमोशन' म्हणायचो आणि आपण फार पुढचं काहीतरी करतोय अशी माझी तरी समजूत होती.

मालक कारखानीस पार्ल्याचे. जाडजूड, हसरा माणूस. उमेदीची वर्षं त्यांनी पाण्याचे फिल्टर दारोदार विकण्यात घालवली होती. "माझ्या तोंडावर जेवढी दारं आपटली गेलीत ना वैशाली, तेवढी कुठल्या सुताराने पण बघितली नसतील," ते सांगायचे. "ईमेलला दारच नाही! थेट आत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलायचा की त्यांचा राग यायचा नाही. मला अजूनही धड येत नाही, तीच तर पंचाईत आहे.

परबबाईंना त्यांनी घेतलं ते इंग्रजीसाठी. आमच्या जाहिरातींचं इंग्रजी वाचून लोक म्हणे हसायचे. बाई भांडुपच्या एका मोठ्या कारखान्याच्या पत्रव्यवहार विभागात पंचवीस वर्षं होत्या. आवक-जावक त्यांच्याकडे. कारखाना बंद पडला, बाई पन्नाशीत घरी बसल्या. वडील मालवणाकडून येऊन गिरणीत लागलेले, गिरणी गेली तेव्हा तेही असेच घरी बसले होते. "बाबा बसले ते उठलेच नाय," बाई म्हणायच्या. "म्हणून मी तिसऱ्याच दिवशी पेपरात जाहिराती बघायला लागले." लग्न केलेलं नव्हतं. कांजूरमार्गला भावाच्या कुटुंबासोबत राहायच्या आणि पवईवरून बसने यायच्या. बुटक्या, सडपातळ, खळ घातलेली सुती साडी, चष्म्याला दोरी. दर बुधवारी डब्यात सुक्या बांगड्याची चटणी असायची. ऑफिसभर वास सुटायचा, कारखानीस नाकाला रुमाल लावायचे आणि दहा मिनिटांनी चपातीचा तुकडा घेऊन बाईंच्या टेबलाशी उभे असायचे.

बाईंनी आमची जाहिरातपत्रं सुधारली. एवढंच करून त्या थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी त्यांनी आपणहून एक वाक्य घातलं. मराठीत सांगायचं तर असं: 'आमची पत्रे नको असल्यास कृपया कळवावे. आपले नाव काढण्यात येईल.'

कारखानिसांना ते वाक्य फार आवडलं. "वा! कसं भारदस्त वाटतं. कंपनी मोठी आहे असं वाटतं."

बाईंना ते कसं वाटतं याच्याशी घेणंदेणं नव्हतं. त्यांनी ते लिहिलं होतं, म्हणजे ते करायचं होतं.

आमच्या पत्रांना जी उत्तरं यायची ती तीन तऱ्हेची. एक, पत्ता सापडत नाही म्हणून आपोआप परत आलेली. दोन, शिव्या. तीन, 'माझं नाव काढा'. बाई येईपर्यंत आम्ही ही तिन्ही न वाचता उडवून टाकायचो. बाईंनी येताच फर्मान काढलं की यंत्राची सोडून माणसाची जेवढी आवक आहे ती सगळी छापून टेबलावर आली पाहिजे.

"बाई, ईमेल छापायचं नसतं," कारखानीस कळवळून म्हणाले.

"मग शिक्का कशावर मारू? स्क्रीनवर?"

लाल कापडी पाठीचं एक मोठं रजिस्टर त्यांनी आणलं. स्टीलच्या पट्टीने रकाने आखले. आवक क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, जावक क्रमांक, शेरा, सही. 'नाव काढा' असं कुणी लिहिलं की त्या कागदावर शिक्का बसायचा, रजिस्टरात नोंद व्हायची, मग बाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि माझ्याकडून ते नाव कॉम्प्युटरमधल्या यादीतून काढून घ्यायच्या. काढलेलं डोळ्यांनी बघायच्या. मग त्या माणसाला उत्तर जायचं: 'आपले नाव काढले आहे. आमच्याकडून आपणास पुन्हा पत्र येणार नाही. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली स्वतःचं नाव, सुलोचना परब. उत्तर गेलं की जावक क्रमांक पडायचा.

"आवक झाली की जावक झालीच पायजे," हे त्यांचं पालुपद. "नायतर माणूस तिकडे वाट बघत बसतो."

शिव्यांनाही हेच. एकाने चार ओळींत बाईंच्या सात पिढ्या काढल्या होत्या. मी तो कागद लपवायला गेले, तर त्यांनी ओढून घेतला, शांतपणे वाचला, शिक्का मारला. "गाळी घातल्यान, पण नाव-पत्ता देऊन घातल्यान," त्या म्हणाल्या. "सरळ माणूस आहे." आणि त्यालाही तसंच उत्तर गेलं. दोन दिवसांनी त्याच माणसाचं 'सॉरी मॅडम' असं एवढंसं पत्र आलं. ते त्यांनी आवकमध्ये नोंदवलं, शेऱ्यात लिहिलं, 'उत्तराची आवश्यकता नाही'.

जेवणाच्या सुट्टीत कारखानीस आम्हाला आमच्या धंद्याचा इतिहास सांगायचे. कुठे वाचलं होतं कोण जाणे, पण रंगवून सांगायचे. अमेरिकेतल्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या विक्रेत्याने, आमच्याही वीसेक वर्षं आधी, नवीन मशीन दाखवायचं आमंत्रण काहीशे लोकांना एकदम पाठवलं. जगातलं पहिलं असलं पत्र. लोक भडकले, वरून दम मिळाला, पण मशीन मात्र खपली म्हणे.

"बघा! एका माणसाच्या डोक्यातून एवढा धंदा निघाला," कारखानीस म्हणाले.

बाई ताक पीत होत्या. "ज्यांनी नको म्हटलं, त्यांची नावं काढली का त्याने?"

"ते काय माहीत नाही बुवा."

"मग अर्धीच गोष्ट वाचली तुम्ही."

त्यांच्या मते यात नवीन काहीच नव्हतं. भांडुपच्या कारखान्यात देवीच्या नावाची पोस्टकार्डं यायची. हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा, अमक्याने लिहिलं त्याला मुलगा झाला, तमक्याने फाडलं त्याची वाट लागली. शिपाई घाबरून बाईंकडे आणून द्यायचे. बाई प्रत्येक कार्डावर शिक्का मारून ते 'इतर' नावाच्या फायलीत लावून टाकायच्या. वर्षानुवर्षं. "माका काय एक झाला नाय," त्या म्हणायच्या. "ज्या पत्रावर परतीचा पत्ता नाही ना, ते पत्रच नव्हे. कचरा जुनाच आहे गो, डबा तेवढा नवीन." आपल्या पत्रावर परतीचा पत्ता आहे, खाली आपलं नाव आहे, म्हणून आपलं पत्र हे पत्र आहे, अशी त्यांची मनापासून खात्री होती. मला तेव्हा ती खात्री भाबडी वाटायची. मी बत्तीस वर्षांची होते, बोरिवलीहून येत होते आणि मला सगळं कळत होतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही एका सहल कंपनीची जाहिरात पाठवली. मजकूर बाईंचा. सुरुवातच छान होती: 'यंदा आपण कुठे जाणार?'

तिसऱ्या दिवशी घाटकोपरहून एक उत्तर आलं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, तेव्हा तसंच लिहावं लागायचं. 'हा पत्ता माझ्या मुलाचा आहे. तो जानेवारीत गेला. त्याची पत्रं वाचायला मी हे उघडतो. कृपा करून इथे काही पाठवू नका. — दिवेकर.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. शिक्का मारला. नेहमीचं ठरलेलं उत्तर पाठवलं नाही. आधी हाताने लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी गेलं ते एवढंच: 'चूक झाली. आपल्या मुलाच्या पत्त्यावर पुन्हा पत्र येणार नाही, हा माझा शब्द आहे.' नाव माझ्याकडून काढून घेताना त्यांनी स्क्रीनला बोट लावून पाहिलं, गेलं ना म्हणून. त्यानंतर त्यांनी लिहिलेल्या एकाही जाहिरातीची सुरुवात प्रश्नाने झाली नाही.

पुढचा भाग माझा आहे, म्हणून तो मी भरभर सांगून मोकळी होणार आहे.

रजिस्टर भरत आलं होतं. हजाराच्या वर नावं असतील. बाई चार दिवस रजेवर होत्या, भावाच्या मुलाची मुंज होती. कारखानीस माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "वैशाली, हे रजिस्टर जरा टाइप करून घे. नुसते पत्ते."

"कशाला? ही तर काढलेली नावं."

"अगं तेच तर! बाकीच्या यादीत कोण जिवंत, कोण मेलेलं, कुणाला माहीत? ज्याने नको म्हणून कळवलं तो नक्की आहे. तो पत्र उघडतो, वाचतो, उत्तरसुद्धा देतो. यापेक्षा अस्सल यादी मुंबईत कुणाकडे नाही. आपण नाही पाठवायचं हं, बाईंना वचन आहे. आपल्यासारख्या दुसऱ्या कंपन्यांना देऊ."

मला कळलं नाही असं नाही. लख्ख कळलं. खरं सांगायचं तर मला ती कल्पना हुशारीची वाटली. मी दोन दिवसांत सगळं टाइप केलं. ओळ चुकू नये म्हणून झालेल्या प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने बारीक टिंब दिलं. बाई रजेवरून परत आल्या, मुंजीचे लाडू आणले, मी दोन खाल्ले आणि काही बोलले नाही. त्यांना उगाच त्रास कशाला, असं मी स्वतःला सांगितलं.

महिनाभरात दिवेकरांचं दुसरं पत्र आलं. 'बाई, तुम्ही शब्द दिला होता. आता रोज तीस-चाळीस पत्रं येतात. औषधं, लॉटरी, आणखी नको नको ते. माझ्या मुलाची पत्रं खाली गेली आहेत. ती शोधायला मला रोज कचरा उपसावा लागतो.'

बाईंनी माझ्याकडून यादी तीन वेळा शोधून घेतली. नाव नव्हतं. "आपण पाठवलं नाही," त्या म्हणाल्या. "मग त्यांच्याकडे एवढं एकदम कुठून आलं?" मी पाण्याची बाटली उघडली. त्या जागेवर गेल्या, रजिस्टर उघडलं, दिवेकरांची ओळ काढली. पान उलटलं, अजून एक उलटलं.

"ही टिंबं कोणाची?"

"माझी."

पंचवीस वर्षं आवक-जावक सांभाळलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागलं नाही. त्यांनी चष्मा काढला. "तू माका सांगलंस नाय?" एवढंच. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला उलटून काही बोलता तरी आलं असतं.

कारखानिसांनी मात्र काही लपवलं नाही. त्यांना त्यात लपवण्यासारखं वाटलंच नव्हतं. "अहो बाई, सगळे असंच करतात. आणि आपण शब्द पाळलाय की! आपल्याकडून एक पत्र गेलं असेल तर दाखवा."

"त्यांनी नाव मला दिलं होतं. काढण्यासाठी दिलं होतं. यादी कोणाकोणाला दिलीत?"

"चार जणांना. का?"

"परत आणायला."

कारखानीस हसले. मीही हसले असते, पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी बाई खरोखरच निघाल्या. चार ठिकाणांसाठी चार पत्रं टाइप केलेली, प्रत्येकावर जावक क्रमांक आणि शिक्का: 'आमच्याकडून आपणाकडे चुकीने आलेली यादी कृपया परत करावी.' कारखान्यात एखादी फाइल भलत्या खात्यात गेली की अशीच परत मागवायची, हीच त्यांची पद्धत. सांताक्रूझला त्यांना दारातून परत पाठवलं. वांद्र्याला एका मुलीने चहा दिला आणि साहेब नाहीत म्हणून सांगितलं. मुलुंडला तर तो माणूस म्हणाला, "बाई, यादी म्हणजे काय छत्री आहे का परत द्यायला?" चौथ्या ठिकाणी, आमच्या अंधेरीतच, एका पोराने काय मनात आलं कोण जाणे, कपाटातून सीडी काढून त्यांच्या हातात ठेवली. ती सीडी घेऊन बाई ऑफिसात आल्या.

"बाई, त्याने कॉपी ठेवली असेल," मी न राहवून म्हटलं.

"असणारच. मी काय तेवढी येडी नाय. पण त्याने दिली ना? दिली तर घ्यायची."

त्या महिन्याच्या अखेरीला त्यांनी नोकरी सोडली. शिक्का, पॅड, पेन्सिल, पट्टी पर्समध्ये भरली. रजिस्टर काखेत मारलं. कारखानीस म्हणाले, "अहो, ते ऑफिसचं आहे," तर बाई म्हणाल्या, "नावं माझ्या भरवशावर आलीत." कारखानीस बाजूला झाले. सांगितलं ना, माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर बाईंनी जे केलं त्याला लोकांनी वेडेपणा म्हटलं असतं, म्हणून त्यांनी ते माझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. रजिस्टरातल्या एकूण एक जावक क्रमांकावर लाल रेघ मारली. मग कांजूरला स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत रोज संध्याकाळी तासभर बसून प्रत्येकाला नवीन पत्र पाठवलं. 'आपले नाव काढले असे मी कळवले होते. ते खरे राहिले नाही. आपले नाव आमच्याकडून दुसऱ्यांकडे गेले. चूक आमची आहे.' मी त्यांना म्हटलं, मजकूर एकच आहे, एका क्लिकमध्ये सगळ्यांना जाईल. त्यांनी कीबोर्डवरून हात उचलला.

"एकदम सगळ्यांना पाठवायचं म्हणजे परत तेच की गो."

रोज दहा-बारा पत्रं. प्रत्येकाचं नाव वर घालून. मी दोन संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या परीक्षेचं निमित्त सांगितलं. त्याची परीक्षा अजून महिनाभर लांब होती. पत्रं संपायला बाईंना पावसाळा उलटला. उत्तरं फार आली नाहीत. बरीच पत्रं कुणी वाचलीच नसतील, नावानिशी आलेलं 'चूक झाली'सुद्धा लोकांना आणखी एक जाहिरात वाटली असेल. बाईंनी मात्र प्रत्येकापुढे नवीन जावक क्रमांक घातला. एक ओळ सोडून. दिवेकरांना पत्र पाठवून भागणार नव्हतं, तिथे त्या स्वतः गेल्या.

दिवेकरांकडचं सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. दिवाळीला फोन व्हायचा. कधीमधी मी कांजूरला जायची. रागावलेल्या आहात का असं मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

दिवेकर रिटायर्ड ड्राफ्ट्समन होते, एकटेच. बाई त्यांच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी सुलोचना परब. कचरा माझ्यामुळे आलाय, मी काढून देते." दिवेकरांनी कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून दिली. त्या रविवारी सकाळी दहा ते एक बाई नको ती पत्रं उडवत बसल्या. पुढच्या रविवारपर्यंत तेवढीच पुन्हा जमली होती. मग तो नेमच झाला. आठवड्याचं इतर सगळं इकडचं तिकडे झालं तरी रविवारी सकाळी बाई घाटकोपरला.

मुलाचं एकही पत्र त्यांनी कधी उघडलं नाही. "खाली खाली जात राहायचं. त्याची हद्द लागली की थांबायचं," त्या सांगायच्या. दिवेकर बाजूच्या खुर्चीत पेपर वाचायचे. दोन वर्षं त्यांनी बाईंना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. मला हे ऐकून दिवेकरांचा संताप आला. "अगो, मी काय पाहुणी होते?" बाई म्हणाल्या. "मी कामाला जात होते."

मग काळ बदलला. यंत्रंच नको असलेली पत्रं ओळखायला लागली, परस्पर वेगळ्या कप्प्यात टाकायला लागली. दिवेकर म्हणाले, "बाई, आता यंत्र निवडतं सगळं. तुम्ही येण्याची गरज नाही." बाईंनी तो कचऱ्याचा कप्पा उघडला आणि एकेक ओळ वाचायला लागल्या. "यंत्राने चांगलं पत्र चुकून टाकलं तर?" दिवेकर हसले म्हणे, पहिल्यांदाच.

आणि सापडलं. लॉटरी आणि औषधांच्या ढिगात एक साधं पत्र. मुलाच्या कॉलेजातल्या मित्राचं, परदेशातून. 'तू नाहीस हे माहीत आहे. पण आज तुझा वाढदिवस, आणि तुझा हा पत्ता मला अजून पाठ आहे.' अनोळखी पत्त्यावरून आलेलं म्हणून यंत्राने ते कचऱ्यात टाकलं होतं. बाईंनी विषयाची ओळ वाचली, हात मागे घेतला आणि खुर्ची सोडून उठल्या. "हे तुमचं आहे," त्या दिवेकरांना म्हणाल्या आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. दिवेकर चहा टाकत होते. एवढी वर्षं झाली, पण बाईंनी मला हे सांगताना चहात साखर जास्त झाली होती हेसुद्धा सांगितलं.

दिवेकर गेले त्याला आता काही वर्षं झाली. मुलाची पत्रं त्यांनी आधीच छापून फायलीला लावली होती, ती त्यांच्या भाचीकडे गेली. पासवर्डचा कागद बाईंकडे राहिला. बाई घरूनच, पुतण्याच्या टॅबवर, दर रविवारी तो पत्ता उघडायच्या, कचऱ्याचा कप्पा वाचायच्या, रिकामा करायच्या. आता ते बघायला कुणीच नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं. "शब्द त्यांना नव्हता दिला," बाई म्हणाल्या. "त्या पत्त्याबद्दल दिला होता."

मी आजही याच धंद्यात आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारतीत, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आता सगळं कायद्याने चालतं, प्रत्येक पत्राच्या तळाशी 'नको असल्यास इथे दाबा' असतं. ते वाक्य बारीक अक्षरात ठेवायचं की जरा ठळक, यावर मीटिंगा होतात. मी दरवेळी ठळक म्हणते आणि दरवेळी हरते.

गेल्या महिन्यात बाईंचा फोन आला. "ये जरा. एक सही पायजे."

कांजूरला त्यांच्या घराच्या खिडक्या बंद होत्या, वारा डम्पिंगच्या कचऱ्याकडून होता. बाई आता पंच्याहत्तरीच्या, आणखीनच बारीक झाल्यात, चष्म्याची दोरी तीच. टॅबवर त्यांनी मला एक सूचना दाखवली. दिवेकरांच्या मुलाचा पत्ता ज्या कंपनीकडे होता, ती आपली ईमेल सेवा बंद करत होती. तारीख उलटून गेली होती. माझ्यासमोर त्यांनी पत्ता आणि पासवर्ड टाकून पाहिला. असा पत्ता नाही, असं आलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच.

"म्हणजे आता त्याला कोणालाच काय पाठवता येणार नाय?"

"नाही बाई. कुणालाच नाही."

"खात्री ना?"

"खात्री."

त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं. लाल कापड विटून गेलं होतं. पानं उलटत त्या ओळीवर आल्या. सगळ्या पानांवर लाल रेघेशेजारी नवीन जावक क्रमांक होते, ही एकच ओळ वीस-पंचवीस वर्षं उघडी होती. बाईंनी क्रमांक लिहिला. शेऱ्यात लिहिलं, 'या पत्त्यावर पत्र जाणे कायमचे बंद.' मग पेन माझ्याकडे केलं आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"मी कशी करू? रजिस्टर तुमचं."

त्यांनी बोट थोडं डावीकडे सरकवलं. त्या नावापुढे माझं पेन्सिलीचं टिंब होतं. फिकट झालेलं, पण होतं.

"टिंब तुझं ना? मग सही पण तुझीच."

"बाई, मी तेव्हाच सांगायला हवं होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी इतक्या वर्षांत मनात शेकडो वेळा म्हटलं असेल.

"होय. हवं होतं," बाई म्हणाल्या. "कर सही."

मी सही केली. बाईंनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, शिक्का काढला, बोटाने पट्ट्या फिरवून दिवस आणि महिना आणला. वर्षाची पट्टी कधीच संपून गेली होती, त्या शिक्क्याला एवढं जगणं माहीत नव्हतं. त्यांनी तेवढी जागा कागदाच्या चिटोऱ्याने झाकून शिक्का मारला आणि वर्ष पेनने, चष्मा नाकावर ओढून, नीट चार आकड्यांत लिहिलं.

मी रजिस्टर मिटायला हात पुढे केला.

"थांब गो," त्या म्हणाल्या आणि वाकून शाईवर फुंकर घालू लागल्या. "जरा वाळू दे."